वास घ्यायला परवाना लागत नाही

ॲडलेडच्या विमानतळावर आमचं स्वागत एका कुत्र्याने केलं. माझ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ हिच्या बॅगेशी गेला, एकदा हुंगलं आणि शहाण्यासारखा खाली बसला. तो बसला की बॅग उघडायची, असा तिथला नियम. आत गोडा मसाला, मेतकूट, कांदा-लसूण चटणी आणि तासगावचे दोन किलो बेदाणे. आगमनाच्या कार्डावर आम्ही सगळं लिहिलेलं असल्यामुळे दंड झाला नाही, पण तिथल्या बाईंनी एकेक पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. ऑस्ट्रेलियात बाहेरून कीड येऊ नये म्हणून फार जपतात. मी घामाघूम झालो होतो आणि ही कौतुकाने कुत्र्याकडे बघत होती.

"चार पदरी प्लास्टिक होतं हो," ती म्हणाली. "नाक असावं तर असं."

मुलगा तिथे नोकरीला आहे. त्याने आमच्यासाठी फिरायची यादी करून ठेवली होती: चार वाइनरी, दोन म्युझियम, एक क्रिकेटचं मैदान. यादी ऐकून हिचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. ही माळकरी. आणि माझ्या अडचणी सरकारी. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेत काढलेला माणूस मी. महाराष्ट्रात दारू प्यायला आजही कायद्याने परवाना लागतो, आणि कागद नसताना काही करायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. तो परवाना खिशात बाळगणारा माणूस मी जन्मात पाहिलेला नाही, हा भाग वेगळा.

"आई, तुम्ही नुसता वास घ्या," सूनबाई म्हणाली. "वासाला माळ कुठे आडवी येते?"

हिने जरा विचार केला. "खरंय. दारूच्या दुकानावरून दिंडी जातेच की. तेव्हा काय आम्ही नाक धरून चालतो?"

गाडी सूनबाई चालवणार होती, म्हणजे तीही पिणार नव्हती. तिथे रक्तात अल्कोहोलची मर्यादा ०.०५ टक्के, आणि पोलीस वाटेत कुठेही गाडी थांबवून फुंकर मारायला लावतात. त्यामुळे वाइनरीत आलेल्या प्रत्येक टोळक्यात एक जण हातात पाण्याचा ग्लास घेऊन सोशिक चेहऱ्याने उभा दिसतो. लग्नात पंगतीमागून पंगत वाढत सगळ्यांत शेवटी जेवायला बसणारा एक मामा असतो ना, थेट तोच चेहरा.

बरोसा खोरं शहरापासून तासाभराच्या वाटेवर. हे नावच मुळात कारकुनी चुकीतून आलेलं. ॲडलेड शहर आखणाऱ्या कर्नल विल्यम लाइटने स्पेनमधल्या १८११ सालच्या लढाईच्या आठवणीने इथल्या डोंगररांगेला नाव दिलं 'बॅरोसा', तेच खोऱ्याला आलं. लिहिताना एक 'आर' गळून पडला आणि 'एस' दोन झाले. पुढे कुणी दुरुस्ती केली नाही. सातबाऱ्यावर आमच्या आजोबांचं नाव 'दत्तू'चं 'दातू' झालं होतं ते दातूच राहिलं, त्यामुळे मला हे खोरं पहिल्या पाटीपासूनच आपलं वाटू लागलं.

तासगावच्या माणसाला द्राक्षबाग दाखवणं म्हणजे कोल्हापूरकराला तांबडा रस्सा वाढणं. धाकट्या भावाची दोन एकर बाग आहे, तेव्हा मी नाक वर करूनच उतरलो. मार्च महिना होता आणि वेलींवर माल तयार होता. पृथ्वीच्या पार खालच्या अंगाला आलो, ऋतू उलटे झाले, पण सुगी मात्र आमच्याचबरोबर. कारण साधं आहे. तिथली वेल थंडीत पानं गाळून झोपते, वसंतात उठते, मार्चला घड देते. आमच्या वेलीला झोपायला पुरेशी थंडीच मिळत नाही, मग आम्ही तिला कात्रीने उठवतो: एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, आणि फेब्रुवारी-मार्चला माल.

घड बघितले आणि मला भावाची आठवण आली. मणी जेमतेम करवंदाएवढे! जाड साल, आत बिया. आमच्याकडे मणी फुगावा म्हणून विरळणी करतात, घड जिब्रेलिक ॲसिडमध्ये बुडवतात, मापाच्या कड्या लावून मिलिमीटर मोजतात. असला माल व्यापाऱ्याने फाटकातूनच परत पाठवला असता. तिथल्या गाइडने अभिमानाने सांगितलं की मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त, आणि रंग, चव, वास सगळं सालीत. म्हणजे भाऊ ज्यासाठी वर्षभर औषधं फवारतो, बरोबर तेच होऊ नये म्हणून हे लोक झटत असतात.

वेलींची वयं ऐकून मात्र नाक खाली आलं. आमच्याकडे बाग पंधरा-वीस वर्षांची झाली की काढून टाकायच्या गोष्टी सुरू होतात. इथे टनुंडा गावात लँगमाइल वाइनरीपाशी १८४३ साली लावलेली शिराझ द्राक्षाची बाग अजून फळ देते आहे. खोडं पिळवटलेली, मांडीएवढी जाड, जुन्या चिंचेच्या फांदीसारखी. बरोसाने या म्हाताऱ्या वेलींची प्रतवारीही केली आहे. पस्तीस वर्षं झाली की 'ओल्ड', सत्तरीला 'सर्व्हायव्हर', शंभरीला 'सेंटेनेरियन' आणि सव्वाशेच्या पुढे 'ॲन्सेस्टर'. मी सत्तरचा. सर्व्हायव्हर.

एवढी जुनी वेल जगली याचं कारण इथे फायलोक्सेरा नाही. मुळांतला रस शोषणारी ही बारीक कीड एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून युरोपात गेली आणि तिने तिथल्या बागाच्या बागा साफ केल्या. शेजारच्या व्हिक्टोरियात ती शिरली, पण दक्षिण ऑस्ट्रेलियाने तिला आजवर आत येऊ दिलेलं नाही. म्हणून इथल्या वेली स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. आमच्याकडे डॉगरीजच्या खुंटावर कलम केल्याशिवाय कुणी बाग लावत नाही. त्या कौतुकात मी सवयीने सरीत पाऊल टाकलं, वेलीला हात लावणार, तोच मागून हाक आली. बागेत शिरायचं नाही! बुटाच्या मातीतून कीड येऊ शकते. कुठून आलात? शेतात गेला होतात का? अहो, मी शेतातूनच आलोय! आमच्याकडे बागेत पाहुणा आला की त्याला मांडवाखाली बसवून चहा देतात. इथे माझे बूट बघितले गेले. ही लांब उभी राहून हसत होती.

तिथे चव घेण्याच्या जागेला 'सेलर डोअर' म्हणतात. तळघराचं दार. आम्ही पाहिलं त्यांतल्या एकाही ठिकाणी तळघर नव्हतं, आणि दार आपोआप उघडणारं काचेचं. आत लांब ओटा, त्यामागे एक तरुण पोरगा आणि ओट्यावर पिकदाणी. वाइन तोंडात घ्यायची, घोळवायची, थुंकायची. म्हणजे सहा ठिकाणी चव घेतली तरी माणूस शुद्धीवर राहतो. हे मला जमेना. जिल्हा परिषदेच्या जिन्यात लोक थुंकतात म्हणून कोपऱ्याकोपऱ्यांत देवादिकांच्या फरशा बसवून घेणारा माणूस मी. आणि इथे चारचौघांत, झाडलेल्या-पुसलेल्या जागेत, पैसे देऊन थुंकायचं? मी ओट्याखाली, मागे, सगळीकडे एकदा नजर टाकली, न जाणो एखादे साईबाबा दिसायचे. शेवटी गिळत गेलो. तिसऱ्या ग्लासानंतर मला तो पोरगा फार हुशार वाटू लागला.

तो सांगत होता, या वाइनमध्ये लेदर आहे, सीडर आहे, ब्लॅकबेरी आहे, प्लम आहे, मागाहून तंबाखू येतो. या यादीतला फक्त तंबाखू माझ्या ओळखीचा. मी दरवेळी मान डोलावत "प्लम" म्हणत होतो. ते चाललं.

मग तो टॅनिनवर आला. जीभ कोरडी होते, हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात, कडक चहा पिऊन झाल्यावर... तो हात हलवून, गाल आत ओढून बराच वेळ समजावत होता. हिने ग्लास नाकाशी नेला, मग माझं तोंड बघितलं.

"तुरट म्हणतोय तो," ती म्हणाली.

सूनबाईने त्याला सांगितलं की आमच्याकडे याला शब्द आहे. आवळा, जांभूळ, सुपारी, कच्चं केळं, सगळ्यांना तोच. सहा रसांतला एक आहे, चार वर्षांचं पोरही म्हणतं. त्याने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. 'टुराट' असा उच्चार झाला, पण कागदावर लिहून घेतला.

त्यानंतर त्याने शिराझचा दुसरा ग्लास पुढे केला. हिने वास घेतला आणि पटकन म्हणाली, "मिरी! नुकती फोडलेली." पोरगा ओट्यामागून जवळजवळ बाहेर आला. शिराझमधल्या मिरीच्या वासाचं द्रव्य याच ॲडलेडमधल्या ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटने शोधलं आणि २००८ साली जाहीर केलं. त्याचं नाव रोटंडोन. हेच द्रव्य खऱ्या मिरीत असतं, म्हणजे 'मिरीसारखा वास' ही कुणा शौकिनाची कल्पना नव्हे, मिरीचाच वास तो. मीही ग्लास नाकाशी नेला. काही नाही. पुन्हा नेला. द्राक्षाच्या रसाचा वास, बस्स. पोरग्याने सहानुभूतीने सांगितलं की पाचांतल्या साधारण एका माणसाला रोटंडोनचा वासच येत नाही, त्याला इलाज नाही.

"तरीच," ही म्हणाली. "तरीच रस्समला दरवेळी मिरी कमी म्हणता."

चाळीस वर्षांचं भांडण परमुलखात, तिऱ्हाइतासमोर निकालात निघालं. माझ्या विरुद्ध.

खरी कमाल पुढच्या दिवशी झाली. ईडन खोऱ्यातल्या एका लहानशा वाइनरीत मालकीणबाईंनी जुन्या बाटलीतली पांढरी रिसलिंग ओतली. हिने वास घेतला आणि एकदम ग्लास खाली ठेवला. चेहरा कसनुसा.

"काय झालं आई?"

"काही नाही. चांगली आहे म्हणावं."

"सांगा ना."

"अगं, कसं सांगू, त्या बाई एवढ्या प्रेमाने देताहेत." मग कानात कुजबुजली, "घासलेट."

सूनबाईने हसत हसत भाषांतर केलं. मालकीणबाईंनी दोन्ही हातांनी हिचा हात धरला. रिसलिंग बाटलीत वर्षानुवर्षं मुरली की तिला खरोखरच रॉकेलचा वास येतो. त्याच्या द्रव्याचं नाव बोलायला अवघड, म्हणून 'टीडीएन' म्हणतात. जाणकार त्या वासासाठी पैसे मोजतात. नवखे लोक नाक मुरडतात किंवा, आपण अडाणी दिसू म्हणून, माझ्यासारखे गप्प बसतात. हिला मात्र शिकवावं लागलं नव्हतं. सांगलीला आमच्या पहिल्या बिऱ्हाडात प्रायमस होता. त्याला पिन मारायची, पंप मारायचा, रेशनच्या रांगेत पाच लिटरचा डबा घेऊन दोन तास उभं राहायचं आणि घरी आल्यावर तीनदा हात धुवूनही भाकरीला तो वास लागायचा. ज्या वासापासून सुटका व्हावी म्हणून गॅसला नंबर लावला, तो इथे नाजूक ग्लासातून, थंड करून, रुमालासकट पुढे येत होता. बाईंनी विचारलं, "तुम्ही या व्यवसायात आहात का?" ही म्हणाली, "होते. रेशनकार्डावर."

मध्ये दोन दिवस वाइनला सुट्टी दिली. नॉर्थ टेरेसवरच्या साउथ ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये जुन्या लिफ्टच्या उभ्या पोकळीत एका प्रचंड स्क्विडची प्रतिकृती टांगलेली आहे. प्रत्येक मजल्यावर तिचा वेगळा भाग दिसतो. आमच्या कार्यालयातली लिफ्ट अकरा वर्षं बंद होती, पण असा उपयोग कुणाच्या डोक्यात आला नाही. बाकी तिथले आदिवासींच्या वस्तूंचे मजले खरोखर शांतपणे बघण्यासारखे आहेत आणि त्यावर विनोद करण्याजोगं माझ्याकडे काही नाही.

ॲडलेड ओव्हलवर मात्र मी सावध होतो. मैदानाची सहल आहे, तीत १९११ सालच्या, अजून हातानेच चालणाऱ्या धावफलकाच्या पोटात नेतात. आत शिड्या, लाकडी मजले, धूळ. गाइड माझ्याच वयाचा, निवृत्त. भारतातून आलो म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. मला ते अपेक्षितच होतं. "थर्टी-सिक्स," तो फार प्रेमाने म्हणाला. १९ डिसेंबर २०२०, भारताचा डाव ३६ वर संपला, कसोटीतली आपली नीचांकी धावसंख्या, याच मैदानावर.

मी खिशातून हुकमाचं पान काढलं. जानेवारी १९४८, हेच मैदान, हाच फलक. विजय हजारे, पहिल्या डावात ११६, दुसऱ्या डावात १४५. कसोटीच्या दोन्ही डावांत शतकं ठोकणारा पहिला भारतीय, जन्म सांगलीचा. माझ्या गावापासून बसने तासाभराची वाट! गाइड क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "हजारे म्हणजे ब्रॅडमनचा त्रिफळा उडवला तो ना?" म्हातारा पक्का होता. ब्रॅडमन त्या डावात हजारेंच्याच चेंडूवर बाद झाला हे खरं, पण त्याआधी २०१ धावा करून; आणि सामना आपण डावाने हरलो. हे दोन्ही तपशील आम्ही परस्पर संमतीने वगळले आणि हात मिळवले.

त्यानंतर दक्षिणेला मॅक्लॅरन व्हेल. तिथे डॅरेनबर्ग वाइनरीचा 'क्यूब' आहे, २०१७ च्या अखेरीस उघडलेली पाच मजली इमारत, अर्धवट फिरवलेल्या रुबिक क्यूबसारखी. तळमजल्याला म्युझियमच म्हणतात. तिथे बरण्यांत फळं, फुलं, मसाले असं काय काय भरून ठेवलं आहे आणि प्रत्येक बरणीला सायकलच्या भोंग्यासारखा भोंगा. फुगा दाबला की वास नाकाशी. वाइनमधले वास असे सुटे सुटे ओळखायला शिकायचं. हिने बरणीमागून बरणी दाबली, आणि पाट्या न वाचता. माझ्यावर पोऽपोऽ करण्यापलीकडे काही जबाबदारी नव्हती. बाहेर आल्यावर म्हणाली, "वास ठीक आहेत, पण सगळ्यांना नुसती वस्तूंचीच नावं. आंब्याचा वास, लिंबाचा वास. कुबट, खवट, करपट, खरपूस, आंबूस, उग्र, ओशट, असं काहीच नाही का यांच्याकडे?" मला वाटतं, असेल. पण चार दिवस मी लक्ष देऊन ऐकलं, ओट्यावर कुणाच्या तोंडून आलं नाही.

शेवटचा मुक्काम सेपल्ट्सफील्ड. तिथे जाणाऱ्या रस्त्याला दुतर्फा खजुराची झाडं आहेत, दोन हजारांच्या वर. १९३० च्या महामंदीत वाइन खपेना, तेव्हा कामगारांना घरी न पाठवता सेपल्ट घराण्याने त्यांच्याकडून ही झाडं लावून घेतली. मी गाडी थांबवायला सांगितली. आमच्याकडे १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी आली, पाझर तलाव झाले, खडी फोडून झाली. पुढे नोकरीत मस्टर तपासण्यात माझी उमेद गेली. इथे ओळीत ओळ, एक झाड वाकडं नाही. मोजमाप पुस्तिका कुणी लिहिली असेल, हे मला खरोखर जाणून घ्यायचं होतं. सूनबाई म्हणाली, बाबा, हे काम खाजगी होतं.

आणि आत ती प्रसिद्ध पिंपं. १८७८ साली बेन्नो सेपल्टने आपल्या सर्वांत चांगल्या टॉनी वाइनचं पाचशे लिटरचं पिंप बाजूला ठेवलं, शंभर वर्षं उघडायचं नाही म्हणून. तेव्हापासून दर वर्षी एक पिंप ठेवलं जातं. १९७८ साली पहिलं निघालं, आणि आता दर वर्षी शंभर वर्षांची एक वाइन बाहेर येते. ज्यांनी ठेवलं त्यांनी चाखली नाही, जे चाखतात त्यांनी ठेवलेली नाही. पैसे भरले तर तुमच्या जन्मसालाच्या पिंपातून घोटभर काढून देतात. किती पैसे ते मुलाने भरले. त्या डॉलरना पंचावन्नने गुणायला मला बंदी होती.

"कोणतं साल?" गाइडने विचारलं.

मी म्हणालो, "१९५५."

"५४," ही म्हणाली.

दोन्ही बरोबर. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांसारखी माझी जन्मतारीख गुरुजींनी शाळेत घालताना ठरवलेली: १ जून १९५५. आई सांगायची, दिवाळीतला तू, आदल्या सालचा. नोकरी, बढती, निवृत्ती, पेन्शन सगळं ५५ वर झालं. गाइडला हे कळेना. माणसाला जन्मसालं दोन कशी? सूनबाईने समजावायचा प्रयत्न केला, मागची माणसं खोळंबली. शेवटी मी म्हटलं, कागदोपत्री जे आहे तेच द्या. पुढे कुणी तपासलं तर घोटाळा नको.

त्याने ५५ च्या पिंपातून ग्लासात जेमतेम बोटभर ओतलं. काळपट, दाट, काचेला चिकटून उतरणारं. इतक्या वर्षांत पिंपातलं बरंचसं उडून जातं आणि उरलेलं आटत आटत असं होतं. मी जिभेवर घेतलं आणि या खेपेला मला प्लम म्हणावंसं वाटलं नाही. मी ग्लास हिच्यापुढे धरला. तिने डोळे मिटून वास घेतला, बराच वेळ.

"काकवी," ती म्हणाली. "गुऱ्हाळावरची. कढई उतरवायच्या आधीची."

जाणार असाल तर मार्चात जा. बुटांची माती घरीच घासून जा, आणि गाडी चालवायला न पिणारं एक माणूस न्या. मिरीचा वास येणारं एक न्या. आणि जन्मसाल दाखल्याप्रमाणे सांगायचं की आईच्या म्हणण्याप्रमाणे, हे निघण्यापूर्वीच ठरवा. पिंपासमोर उभं राहिल्यावर ते ठरत नाही.